डाव्या करंगळीला मुंग्या, दिवसभर कीबोर्ड : कशाने फरक पडला ते ओळखायचं कसं?

निळीशाई

नमस्कार मंडळी. वय ३१, पुण्यात बाणेरला राहते, फ्रंटएंडचं, म्हणजे वेबसाइटचा समोर दिसणारा भाग बनवायचं काम करते. नऊ वर्षं झाली. घरूनच काम असल्यामुळे टेबल म्हणजे जेवणाचंच टेबल, आजोबांच्या वेळचं सागवानी.

गेला दीड महिना डाव्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतायत. सकाळी उठल्या उठल्या जास्त, मग दुपारी साडेतीन-चारनंतर पुन्हा. रिलीजच्या आठवड्यात तर करंगळी बधिर होऊन कंट्रोलची की दाबली गेलीय की नाही तेच कळत नव्हतं.

मी काय काय केलं ते सांगते. मनगटाला पट्टा बांधला. कीबोर्डपुढे ठेवायची जेलची उशी आणली. उभा माउस घेतला. मैत्रिणीने सुचवल्या म्हणून मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या. आईने सांगितलं म्हणून तिळाच्या तेलाने मालीश केलं. आणि रात्रीचं जेवण सातच्या आत उरकायला लागले. हे सगळं एकाच आठवड्यात. चार-पाच दिवस खरंच बरं वाटलं, मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता यातलं काय चालू ठेवू आणि काय सोडू तेच समजत नाही.

मधून तोडलेला, दोन भागांचा कीबोर्ड बघून ठेवलाय. वीस हजारांच्या आसपास आहे. घेऊ का? इथे स्वतःवर असे प्रयोग केलेलं कोणी असेल तर प्लीज नीट सांगा.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण कोणती बोटं ते तुम्ही नेमकं लिहिलंत हे फार बरं केलंत.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना मीडियन नर्व्हकडे असते. तीच मनगटाच्या बोगद्यातून जाते, सगळ्यांना माहीत असलेला कार्पल टनेल तो. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू मात्र अल्नर नर्व्हकडे. कोपर दारावर आपटल्यावर जिथून झिणझिणी थेट करंगळीत जाते ना, तीच ही नस. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाला लागून, कातडीच्या अगदी खाली असते. कोपर बराच वेळ घडी घातल्यासारखं वाकलेलं राहिलं की ती ताणली जाते, आणि टेबलाच्या कडेवर टेकलं की दबते.

तेव्हा मनगटाचा पट्टा बहुतेक चुकीच्या जागी बांधला जातोय. मानेतूनही असा त्रास येऊ शकतो, म्हणून मानही तपासून घ्या. पकड सैल वाटत असेल, हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा खपाटीला गेलेला दिसत असेल, तर प्रयोग करत बसू नका, याच आठवड्यात डॉक्टर गाठा. नर्व्ह कंडक्शन टेस्ट (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी), साखर, थायरॉइड आणि बी१२ याबद्दल त्यांना विचारा.

जुनाकळफलक

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला माझा २०१८ चा जानेवारी आठवला, म्हणून लांबलचक लिहितोय. मी ५१ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, आता नाशिकला. २७ वर्षं कोड लिहितोय. सी, मग जावा, हल्ली बराचसा पायथन.

त्या वर्षी एक तारखेला मी तीन गोष्टी एकदम बदलल्या. नवा चष्मा, नवी खुर्ची आणि चहा पूर्ण बंद. ऑफिसात दिवसाला सहा-सात कप व्हायचे. दोन तारखेच्या दुपारपासून डोकं असं धरलं की स्क्रीनकडे बघवेना. माझी खात्रीच झाली की चष्म्याचा नंबर चुकलाय. दुकानात गेलो, वाद घातला, काचा बदलून घेतल्या, वरचे पैसे भरले. नऊ तारखेला डोकं थांबलं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की नंबर चुकीचा होता. पुढे वर्षभराने कळलं की कॅफीन एकदम तोडलं की पहिल्या दिवसातच डोकेदुखी सुरू होते आणि दोन ते नऊ दिवसांत आपली आपण जाते. माझ्या तारखा जशाच्या तशा जुळत होत्या. त्या दुकानदाराशी मी उगाच भांडलो होतो. नंतर जाऊन त्याला तसं सांगून आलो.

कोडमध्ये आपण असं कधी करतो का? सहा बदल एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत ढकलले आणि प्रोग्राम कधी चालतोय कधी नाही, तर आपण त्या माणसाला धरून विचारू की बाबा, यातलं नक्की काय बिघडलं ते शोधू कसं? गिट बायसेक्ट, म्हणजे बिघाड करणारी कमिट शोधायची कमांड, वापरली असेलच. हजार कमिटमधून चुकीचा एक शोधायला दहा पायऱ्या पुरतात, कारण प्रत्येक पायरीत अर्धा ढीग बाद होतो. शरीराला जुन्या कमिटवर परत नेता येत नाही, शिवाय तिथे प्रत्येक बदलाचा परिणाम उशिरा दिसतो. म्हणून शरीराच्या बाबतीत मला एकच रस्ता मिळालाय. आधी काहीही न बदलता मोजायचं, मग एकच गोष्ट बदलायची, आणि फरक पडलाच तर ती गोष्ट काढून पुन्हा मोजायचं. या तिसऱ्या पायरीचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण खरं काय ते तिच्यातच कळतं.

२०१९ मध्ये माझा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत ठणकायला लागला, तेव्हा हे पहिल्यांदा नीट केलं. १४ दिवस काहीच उपाय केला नाही. रोज रात्री साडेनऊला फक्त एक ओळ लिहायची. तारीख, झोप किती तास, कीबोर्डवर किती तास, दुखणं ० ते १० मध्ये किती, आणि दोन शब्द शेरा. साधी टेक्स्ट फाइल. टर्मिनलवर त्यासाठी छोटी कमांड करून ठेवली होती. ती आकडा विचारते, तारीख आपली आपण घालते, फाइलच्या शेवटी ओळ जोडते आणि बंद होते. कालचा आकडा ती मुद्दामच दाखवत नाही. काल चार दिसला की आज हात आपोआप चारकडे जातो, हे मी पहिल्या तीन दिवसांत स्वतःवर बघितलं होतं.

चौदा दिवसांची सरासरी ४.६ आली. पण सरासरीपेक्षा वार महत्त्वाचा निघाला. सोमवार ते बुधवार मी सगळ्यात जास्त टाइप करायचो, तेव्हा आकडा तीन-साडेतीन. गुरुवारी सात. गुरुवारी आमच्याकडे कोड रिव्ह्यू असायचे, म्हणजे टायपिंग जवळजवळ नाही, दिवसभर माउसचं चाक एका बोटाने फिरवत दुसऱ्याचा कोड वाचायचा. सहा महिने मी कीबोर्डला दोष देत होतो आणि हात दुखवत होतं ते चाक.

मग बदल एकच, माउस डाव्या हाताला. पहिले चार दिवस फार हळू काम झालं. दोन आठवड्यांची सरासरी २.९. मग मुद्दाम दहा दिवस परत उजवीकडे घेतला, ४.१. परत डावीकडे, २.७. तेव्हा मनाला पटलं. अठरा हजारांची खुर्ची त्याआधी आली होती, ती बसायला छान आहे, पण हाताच्या आकड्यात तिने काडीचाही फरक केला नव्हता.

तुम्हाला चार-पाच दिवस बरं वाटलं त्याबद्दलही सांगतो. दुखणं अगदी टोकाला गेलं की आपण उपाय सुरू करतो. आणि टोकाला गेलेलं दुखणं पुष्कळदा आपलं आपणच थोडं उतरतं. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते मॅग्नेशियम असो की तीळतेल. मालीश करून बरं वाटत असेल तर जरूर करा, आईने सांगितलंय, त्यात वाईट काही नाही. पण प्रयोगाच्या वेळी ते रोज सारखंच असू द्या, म्हणजे मधे लुडबुडणार नाही.

आता करंगळीचं. सांधेजोड यांनी कोपराचं सांगितलंय ते आधी. कंट्रोलचं मी सांगतो, कारण त्यात पैसे लागत नाहीत. कॅप्स लॉकला कंट्रोल करून टाका. कीबोर्डवरची ती सर्वात मोक्याची जागा, आणि तिथे आपण वर्षातून दोनदा वापरतो ती की बसलेली असते. पूर्वी असं नव्हतं. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत व्हीआय हा टेक्स्ट एडिटर लिहिला तो एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या कीबोर्डवर कंट्रोल बरोबर 'ए'च्या डावीकडे होता आणि आज जिथे टॅब आहे तिथे एस्केप. एच, जे, के, एल या कीजवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही कर्सर त्यांनीच हलतो. म्हणजे हे शॉर्टकट ज्यांनी बसवले त्यांच्या करंगळीला तळाच्या कोपऱ्यात वाकून जावंच लागत नव्हतं. आपण शॉर्टकट तेच ठेवले आणि की मात्र खाली गेली.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्डखाली मॉडिफायर कीज म्हणून जागा आहे, तिथे होतं. विंडोजवर पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांची परवानगी लागेल. लिनक्सवर ग्नोमच्या ट्वीक्समध्ये आहे. तेवढंही जमत नसेल तर एक सवय लावा. अक्षर डाव्या हाताचं असेल तर कंट्रोल उजवीकडचा दाबायचा. कॉपी-पेस्ट एका हाताने, करंगळी ताणून करायचं नाही. सवय व्हायला दोन आठवडे लागतात.

वीस हजार आत्ता खर्च करू नका. दोन भागांचा कीबोर्ड चांगला असतो, मीही वापरतो. पण तो शेवटी. आधी कोपर, मग कॅप्स लॉक, आणि दोन्ही एकदम नाही.

उंबरठा

सगळ्यांचं वाचलं. पण रोज दुखण्याला मार्क देत बसलं तर माणूस दुखण्याचाच विचार करत राहणार नाही का? माझे वडील जिल्हा परिषदेत ३२ वर्षं टाइपरायटर बडवत होते. त्यांनी ना कधी फाइल ठेवली ना पट्टा बांधला. हातही शेवटपर्यंत ठणठणीत.

जुनाकळफलक

उंबरठा, तुमचा पहिला मुद्दा मला मान्य आहे. माझ्या मेव्हण्याने असंच मोजायला सुरुवात केली आणि त्याला झोपच लागेना, कारण झोपेचे तास भरले नाहीत याचीच काळजी. त्याला मीच सांगितलं, बंद कर. म्हणून माझा नियम, दिवसात एकदाच लिहायचं, तेही अर्ध्या मिनिटात, आणि प्रयोग संपला की फाइल बंद. सध्या माझी कुठलीच फाइल चालू नाही.

वडिलांचं मात्र वाचून बरं वाटलं, कारण मीही दहावीनंतर १९९० साली सांगलीत टायपिंगच्या क्लासला जायचो. इंग्रजी ३०, म्हणजे मिनिटाला ३० शब्द. आमच्या सरांच्या हातात लाकडी पट्टी असायची आणि मनगट मशीनच्या कडेला टेकलं की ती मनगटाखालून सरकायची. हात वर, बोटं वाकलेली, कोपर अंगाजवळ सुटं. ओळ संपत आली की घंटी वाजायची, मग डावा हात उचलून कॅरेज ढकलायचं. पान संपलं की कागद काढायचा, कार्बन लावायचा, नवा चढवायचा. म्हणजे दर ओळीला हाताची ठेवण बदलत होती आणि दर पानाला माणूस एक मिनिट थांबत होता. आपल्या कीबोर्डने ती घंटीही काढून घेतली आणि ते ढकलणंही. मी सलग दोन तास कोपर न हलवता बसू शकतो, तुमच्या वडिलांना ते जमलंच नसतं.

ती घंटी मी परत आणायचा प्रयत्न केला. दर २५ मिनिटांनी निरोप दाखवणारी स्क्रिप्ट लिहिली. आठवड्यात तो निरोप न वाचता बंद करायची बोटांना सवय झाली. मग स्क्रिप्टने निरोप दाखवण्याऐवजी स्क्रीनचा उजेड हळूहळू एक मिनिटभर उतरवायला सुरुवात केली. त्यात बंद करायला काही नाही. उजेड उतरला की मी उठतो, खिडकीतून समोरच्या गुलमोहराकडे बघतो. डोळ्यांनाही ते हवंच असतं, स्क्रीनकडे बघताना पापण्या मिटायचं प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं.

भाकरीचातुकडा

विषय थोडा वळवतोय, माफ करा. मी पण याच धंद्यातला, ठाणे. रक्तातल्या साखरेच्या टेस्टचा, एचबीए१सीचा, आकडा ५.९ आलाय. घरातले म्हणतात दोन वेळाच जेव, जिममधला म्हणतो सहा वेळा खा. तुमची 'एकच बदल' पद्धत जेवणाला लागू होते का? पंधरा दिवसांनी परत टेस्ट करून बघणार आहे.

जुनाकळफलक

पंधरा दिवसांनी करू नका, पैसे वाया जातील. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेचं प्रमाण म्हणजे ही टेस्ट. मागच्या अडीच-तीन महिन्यांची कहाणी तिच्यात असते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा, म्हणजे तुम्ही आत्ता तिथे आहात आणि हातात वेळ आहे. तीन महिन्यांनी करा, त्याच लॅबमध्ये.

माझाही २०२१ ला नेमका ५.९ होता. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरली. दिवसात दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. तीन महिन्यांनी ५.६ आला, वजन ८४ वरून ७९. पण इथे मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही की दोन जेवणांनी झालं. चालणं त्याच दिवशी सुरू झालं होतं, दुपारचे चहा-बिस्किटंही त्याच दिवशी सुटले होते. तीन बदल, एक आकडा. तब्येत सुधारली याचा मला आनंद आहे, पण प्रयोग म्हणून तो कच्चाच. नंतर दोन जेवणं सोडली, तिसरं सुरू केलं, चालणं मात्र ठेवलं. पुढच्या तीन महिन्यांनी ५.६ च राहिला. त्यावरून मी माझ्यापुरतं ठरवलं की चालणं सोडायचं नाही. तुमच्या शरीरात उलटंही असेल. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता अजिबात हलवू नका.

निळीशाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितेय, मुद्दामच थांबले होते.

सांधेजोड, तुम्ही म्हणालात तसं आधी डॉक्टरांकडे गेले. नर्व्ह कंडक्शनमध्ये डाव्या कोपरापाशी वेग थोडा कमी आला, मनगट साफ आहे. ताकद कमी झालेली नाही. बी१२ मात्र १६८, म्हणजे कमी निघालं. आमच्याकडे अंडंसुद्धा नसतं. इंजेक्शनं सुरू झाली आहेत.

पट्टा, जेलची उशी, मॅग्नेशियम सगळं बंद केलं. मालीश रोज आहे. चौदा दिवस नुसतं लिहिलं. सरासरी ५.२, सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वेगवेगळा ठेवला कारण मला ते दोन वेगळे त्रास वाटत होते. अकराव्या दिवशी चार वाजता चहा करायला उठले आणि डाव्या हाताकडे लक्ष गेलं. कोपराच्या आतल्या अंगाला लांब लाल रेघ उमटली होती, रुळासारखी सरळ. आजोबांच्या टेबलाची कड. मी विचार करत असते तेव्हा डाव्या हातावर गाल टेकवून बसते, हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. रात्रीचं नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, तू हात दुमडून उशीखाली घालूनच झोपतेस.

पहिला बदल रात्रीचा धरला. फिजिओने दाखवलं तसं कोपराभोवती टर्किश टॉवेल सैलसर गुंडाळायचा, म्हणजे झोपेत हात पूर्ण दुमडत नाही. बारा रात्री झाल्या. सकाळचा आकडा ५.८ होता तो २.१ वर आलाय. संध्याकाळचा जवळजवळ तिथेच आहे, टेबलाला अजून हात लावलेला नाही.

जुनाकळफलक काका, एक विचारायचं होतं. बी१२ पण याच काळात सुरू झालं, मग हे टॉवेलने झालं असं म्हणता येईल का? इंजेक्शन तर थांबवू शकत नाही.

जुनाकळफलक

इंजेक्शन मुळीच थांबवायचं नाही. कमतरता आहे तर ती भरून काढायचीच, तिथे प्रयोगाचा हट्ट धरायचा नाही. पण तुम्ही सकाळ आणि संध्याकाळ वेगळी मोजलीत त्याने तुमचं निम्मं काम झालंय. बी१२ च्या कमतरतेने दुखावलेली नस सावरायला आठवडे-महिने लागतात, आणि ते औषध सकाळ बघून संध्याकाळ सोडत नाही. नुसती सकाळ सुधारली असेल तर संशय टॉवेलवरच जातो. डॉक्टरांची हरकत नसेल तर इंजेक्शन चालू ठेवून टॉवेल थोडे दिवस काढून बघा. त्रास वाढला तर लगेच परत गुंडाळा.

आणि ती लाल रेघ तुम्ही पकडलीत ना, ते मला फार आवडलं. माझ्या गुरुवारासारखंच आहे ते.

निळीशाई

विचारलं डॉक्टरांना, हो म्हणाल्या. टॉवेल आज रात्रीपासून कपाटात, दहा दिवस. टेबलाच्या कडेला लावायला फोमची पट्टी आणून ठेवली आहे, पण ती अकराव्या दिवशी. कॅप्स लॉक त्याच्याही नंतर.